‘किर्लोस्कर खबर’ ते समाजमाध्यमे : उद्योगसंस्थांच्या ग्राहकसंवादाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

समाजमाध्यमांचा प्रसार झाल्यापासून लहानमोठ्या उद्योगसंस्था, व्यापारी पेढ्या, सहकारी संस्था आणि शासकीय कंपन्या आपल्या ग्राहकांना रोज काही ना काही कळवीत असतात. नव्या मालाची माहिती, सणावाराच्या शुभेच्छा, पुरस्कारसोहळ्यांची छायाचित्रे, सवलतींच्या सूचना अशा मजकुराचा ओघ ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवर अखंड सुरू असतो. व्यवस्थापनशास्त्रात या व्यवहाराचा हेतू ‘एंगेजमेंट’ या संज्ञेने सांगितला जातो. या संज्ञेस मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही. नाममुद्रेविषयी ग्राहकाच्या मनात आपुलकी निर्माण होणे, त्याने आपणहून संवादात भाग घेणे आणि गरजेच्या वेळी त्या नावावर विश्वास टाकणे, या तिन्ही गोष्टी त्या संज्ञेत अभिप्रेत आहेत. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘ग्राहकसहभाग’ हा शब्द वापरला आहे.

ग्राहकांस नियमित वार्ता पुरवून त्यांच्याशी नाते जोडण्याची कल्पना समाजमाध्यमांबरोबर जन्मास आली, असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. महाराष्ट्रात १९२० साली किर्लोस्करवाडी येथून सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक या कल्पनेचे ठळक उदाहरण होय. नियमित वार्तेतून खरा ग्राहकसहभाग कोणत्या परिस्थितीत निर्माण होतो आणि कोणत्या परिस्थितीत होत नाही, याचा शोध या उदाहरणाच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यातून निघणारे निष्कर्ष खानदेशातील आजच्या उत्पादकांना आणि दीपनगरसारख्या औद्योगिक वसाहतीला कितपत लागू पडतात, याचाही विचार शेवटी केला आहे.

लोखंडी नांगर आणि विश्वासाचा प्रश्न

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचे व नंतर यांत्रिक आरेखनाचे शिक्षण घेतले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत काही काळ अध्यापन केल्यानंतर ते बेळगावला परतले. १८८८ साली तेथे बंधू रामचंद्रराव यांच्या साहाय्याने सायकलींच्या दुकानापासून ‘किर्लोस्कर बंधू’ या पेढीचा आरंभ झाला होता. पुढे कडबा कापण्याचे यंत्र व १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर अशी शेतीची अवजारे तयार होऊ लागली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना व वसाहत उभी राहिली. हीच किर्लोस्करवाडी होय. आज ती सांगली जिल्ह्यात मोडते.

लोखंडी नांगराची विक्री सुरुवातीस अत्यंत मंद होती. लोखंडाने जमीन विषारी होते, ही समजूत शेतकऱ्यांत दृढ होती आणि पहिले नांगर विकण्यास दोन वर्षे लागली, असे किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासात सांगितले जाते. या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. शेतकऱ्याला नांगराची माहिती नव्हती, असे नाही. नांगर त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याचा नांगर बनविणाऱ्यावर आणि नांगराच्या परिणामांवर विश्वास नव्हता. पीक बुडाल्यास नुकसान शेतकऱ्याचे होणार होते, कारखानदाराचे नव्हे. अशा स्थितीत नांगराच्या गुणांची नुसती घोषणा निरुपयोगी ठरते. हाच प्रश्न पुढे सर्व ग्राहकसंवादाच्या मुळाशी राहिलेला दिसतो.

खानदेशच्या दृष्टीने हा तपशील परका नाही. तापीखोऱ्यातील काळ्या, भारी जमिनीत कुंदा व हरळी यांसारखी खोल मुळांची तणे काढण्यासाठी खोल नांगरट लागते. लाकडी नांगराला ती साधत नाही. कापसाच्या प्रदेशातील शेतकऱ्यापुढेही लोखंडी अवजार घ्यावे की परंपरागत नांगरावर भागवावे, हाच प्रश्न उभा होता.

‘किर्लोस्कर खबर’चा उदय

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांचे शिक्षण चित्रकलेचे होते. मराठी वाचक त्यांना ‘शंवाकि’ या आद्याक्षरांनी ओळखतो. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे आले आणि १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाचा प्रसार हा त्याचा प्रारंभिक हेतू होता. ‘खबर’ या शब्दातच त्याचे स्वरूप स्पष्ट होते. कारखान्यात काय घडत आहे, कोणती नवी अवजारे निघाली आहेत, त्यांचा उपयोग कसा करावा, ही वार्ता नियमितपणे देणे हे त्याचे काम होते. आजच्या भाषेत त्यास उद्योगसंस्थेचे ‘अपडेट’ म्हणता येईल.

जगात यापूर्वी असे प्रयत्न झाले होते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील डीअर आणि कंपनी ही नांगर बनविणारी संस्था १८९५ पासून ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक काढीत होती. फ्रान्समधील मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. वाचकास स्वतःच्या कामासाठी उपयोगी पडेल असा मजकूर देणे आणि त्यायोगे नाव त्याच्या परिचयाचे करणे, हे सूत्र या दोन्ही प्रयत्नांत समान आहे. नांगराच्या कारखान्यातून शेतकऱ्यापुढे नियतकालिक जावे, हे साम्य विशेष लक्षणीय आहे. ज्या वस्तूची खरेदी ग्राहकाच्या उपजीविकेवर परिणाम करते, त्या वस्तूच्या बाबतीत खरेदीपूर्वी व खरेदीनंतर दीर्घकाळ संवादाची गरज भासते, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

‘खबर’पासून ‘किर्लोस्कर’पर्यंत

या नियतकालिकाच्या पुढील वाटचालीत एक मूलभूत बदल घडला. कारखान्याच्या वार्तेबरोबर उद्यमशीलता, स्वावलंबन, आरोग्य, शिक्षण, विज्ञान व समाजसुधारणा हे विषय त्यात येऊ लागले. शंकररावांच्या व्यंगचित्रांनी त्यास वेगळी चव आणली. १९२९ च्या सुमारास नावातील ‘खबर’ हा शब्द गळाला आणि मासिक ‘किर्लोस्कर’ या नावाने निघू लागले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ या मासिकांची त्यात भर पडली. तिन्ही मासिके मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचा अविभाज्य भाग बनली.

हा बदल व्यापारी दृष्टीने तपासण्याजोगा आहे. ‘स्त्री’ मासिक वाचणारी गृहिणी नांगर, चरक किंवा पंप विकत घेणार नव्हती. तरीही कारखान्याने या कामासाठी साधने खर्च केली. वाचकाला जे हवे होते ते देता देता संस्थेचे नाव घराघरांत गेले. ‘किर्लोस्कर’ हा शब्द अवजाराबरोबरच एका विशिष्ट वृत्तीचा वाचक झाला. उद्योग करावा, यंत्राला घाबरू नये, रूढी तपासून घ्याव्यात, ही ती वृत्ती. विक्रीचा हेतू मागे पडला, म्हणूनच नाव पुढे गेले, असे येथे म्हणावे लागते.

वाचकास रुचेल तेवढेच छापण्याचे धोरणही या मासिकाने स्वीकारले नाही. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध १९३० च्या दशकात ‘किर्लोस्कर’मधून प्रसिद्ध झाले. त्यांत धार्मिक रूढींवर कठोर टीका होती. ज्यांना माल विकावयाचा आहे त्यांच्याच श्रद्धांना धक्का देणारा मजकूर छापणे, हे संकुचित व्यापारी हिशेबात बसत नाही. परंतु ज्या मासिकाला मत आहे, त्या मासिकाशी वाचक सहमत होतो किंवा भांडतो. दोन्ही अवस्थांत तो त्याच्याशी जोडलेला राहतो. ज्या मजकुराशी कोणी असहमत होऊच शकत नाही, त्याकडे कोणी लक्षही देत नाही.

येथे शब्द व आचरण यांच्या मेळाचा मुद्दा उपस्थित होतो. किर्लोस्करवाडीच्या वसाहतीत अस्पृश्यता पाळली जाऊ नये, असा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. मासिकातून मांडल्या जाणाऱ्या सुधारणेला वसाहतीतील व्यवहाराचा आधार होता. नांगराच्या गुणवत्तेबाबतही हेच म्हणता येईल. अवजार शेतात टिकले नसते, तर कितीही उत्तम मासिकाने कारखान्याचे नाव वाचविले नसते. नियतकालिकाने विश्वास निर्माण केला नाही. कामातून निर्माण होणारा विश्वास दूरवर पोहोचविण्याचे कार्य त्याने केले.

मर्यादा

या उदाहरणाचे केवळ गुणगान करणे इतिहासाच्या दृष्टीने उचित ठरणार नाही. पहिली मर्यादा साक्षरतेची होती. १९२१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. ज्या शेतकऱ्यासाठी नांगर बनविला जात होता, त्यांतील बहुसंख्य ‘खबर’ स्वतः वाचू शकत नव्हते. त्यांच्यापर्यंत ही वार्ता पोहोचायची तर ती कोणीतरी वाचून दाखविल्यानेच. त्यामुळे शेतात नांगर प्रत्यक्ष चालवून दाखविणे व आधी घेतलेल्या शेजाऱ्याचा अनुभव यांचे महत्त्व कधीच कमी झाले नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. मासिकाचा वाचक आणि वसाहतीभोवतालचा समाज हे एकच नव्हते. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ साली पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांविरुद्ध उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळपोळीस बळी पडला. या घटनेची कारणे राजकीय व सामाजिक होती. ग्राहकसंवादाच्या चौकटीत ती मावत नाहीत. तथापि एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. पुण्यामुंबईच्या वाचकाने आपुलकीने घेतलेले नाव शेजारच्या गावांतील क्षोभापासून कारखान्याला वाचवू शकले नाही. लेखी संवाद ज्यांच्यापर्यंत जातो, त्यांच्याशीच तो नाते जोडतो. वाचकांची संख्या म्हणजे समाजाचा विश्वास नव्हे. समाजमाध्यमांवरील अनुयायांच्या आकड्यांवर विसंबणाऱ्या आजच्या संस्थांनाही ही गोष्ट विसरता येणार नाही.

फलकापासून भ्रमणध्वनीपर्यंत

स्वातंत्र्योत्तर काळात नियमित वार्तेचे दुसरे रूप मुंबईच्या रस्त्यांवर दिसू लागले. सिल्वेस्टर दाकुन्हा यांच्या जाहिरातसंस्थेने १९६६ साली अमूल लोण्यासाठी ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी निर्माण केली. चालू घडामोडींवर शाब्दिक कोटी करणारे फलक त्यानंतर सातत्याने लावले गेले. या फलकांत लोण्याचे गुणवर्णन क्वचितच असे. रस्त्याने जाणारा माणूस नवा फलक कोणता लागला हे पाहण्यासाठी मान वर करीत असे. वार्ता ताजी असणे आणि तिने वाचकाला निखळ आनंद देणे, ही त्यामागची शक्ती होती.

समाजमाध्यमांनी या व्यवहारात दोन मोठे बदल केले. फेसबुक २००६ साली सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि २००७ च्या अखेरीस व्यापारी संस्थांसाठी स्वतंत्र पानांची सोय झाली. व्हॉट्सॲप २००९ साली सुरू झाले. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट खेड्यापाड्यांत पोहोचले. परिणामी वार्ता पाठविण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला आणि वाचकाला त्याच ठिकाणी, सर्वांसमक्ष, उत्तर देता येऊ लागले. पहिल्या बदलाचा लाभ संस्थांनी तत्काळ घेतला. दुसरा बदल पचविणे मात्र अनेकांना कठीण गेले.

‘खबर’चा प्रत्येक अंक छापण्यास कागद, शाई, श्रम व टपालखर्च लागत असे. त्यामुळे काय छापावे याचा विचार करणे अपरिहार्य होते. खर्च नाहीसा होताच विचारही नाहीसा झाला. संस्थेच्या बोधचिन्हासह प्रत्येक सणाच्या शुभेच्छा, आणि ‘आवडल्यास लाईक करा, दहा जणांना पाठवा’ अशी आवाहने यांनी ही माध्यमे भरून गेली. स्वतः फेसबुक कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये अशा आवाहनांचा मजकूर मागे ढकलण्याचे धोरण जाहीर केले. जानेवारी २०१८ मध्ये तिने व्यापारी पानांपेक्षा आप्तेष्टांच्या मजकुरास प्राधान्य देण्याचा निर्णय घेतला. प्रतिसादाचे आकडे आणि खरा सहभाग या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची ही एक प्रकारे कबुलीच होती. त्याचबरोबर येथे एक भेद स्पष्ट होतो. किर्लोस्करवाडीचे मासिक किर्लोस्करांच्या मालकीचे होते. समाजमाध्यमावरील पान मात्र दुसऱ्याच्या जागेत मांडलेले दुकान असते. जागेचा मालक केव्हाही नियम बदलू शकतो.

खानदेशातील संदर्भ

खानदेशात ग्राहकाशी नाते जोडण्याची स्वतःची परंपरा आहे. भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ साली जळगावात केरोसीनच्या व्यापारापासून आरंभ केला आणि १९८० च्या दशकात त्यांची संस्था ठिबक सिंचनाकडे वळली. ठिबक ही त्या काळी लोखंडी नांगराइतकीच संशयास्पद वस्तू होती. बारीक नळीतून थेंबथेंब पडणाऱ्या पाण्यावर केळीसारखे पाणी पिणारे पीक कसे येईल, ही शंका स्वाभाविक होती. तिचे निरसन पत्रकांतील वर्णनाने होण्यासारखे नव्हते. जैन हिल्सच्या परिसरात ठिबकवर आलेले पीक शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दाखविले गेले. येथेही दाखविणे आधी व सांगणे नंतर, हाच क्रम आढळतो.

आज जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. केळीचे वेफर्स करणारे गृहउद्योग, ऊतिसंवर्धित रोपे विकणाऱ्या रोपवाटिका, शेतकरी उत्पादक कंपन्या यांपैकी अनेकांच्या हाती भ्रमणध्वनी हेच प्रचाराचे एकमेव साधन आहे. त्यांच्यापुढील निवड एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादी रोपवाटिका अखाजीला आपल्या बोधचिन्हासह शुभेच्छांचे चित्र पाठवू शकते. तीच रोपवाटिका रावेर–यावल परिसरात हरण्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोझॅक विषाणूच्या रोगाची सूचनाही देऊ शकते. हा रोग मावा या किडीमार्फत पसरतो. केळीत काकडीवर्गीय आंतरपीक टाळावे, रोगट झाडे मुळासकट उपटून नष्ट करावीत, अशी ही सूचना. दुसरा संदेश रोपवाटिकेस गैरसोयीचा आहे, कारण आपल्या रोपांनाही रोग होऊ शकतो हे त्यात मान्य करावे लागते. परंतु ज्या शेतकऱ्याची बाग त्या सूचनेने वाचते, तो पुढील हंगामात रोपे कोठून घेईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याने उत्तरादाखल रोगट पानाचे छायाचित्र पाठविले आणि त्यास जबाबदार उत्तर मिळाले, तर संवाद पूर्ण झाला. उत्तर मिळाले नाही, तर तेच मौन गावाच्या गटात सर्वांना दिसते.

दीपनगरचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. किर्लोस्करवाडीप्रमाणे तीही एका उद्योगाभोवती वसलेली वसाहत होय. भुसावळजवळील या औष्णिक वीजकेंद्रातील पहिला संच १९६८ साली कार्यान्वित झाला. पुढे २१० मेगावॅटचे व त्यानंतर ५०० मेगावॅटचे संच उभे राहिले. किर्लोस्करवाडीने आपल्या मालकाचे नाव घेतले, तर दीपनगरने आपल्या उत्पादनाचे. तथापि दीपनगरला ग्राहक थेट भेटत नाही. २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. ग्राहकाच्या दारी केवळ महावितरण येते. महावितरणकडून नोंदणीकृत भ्रमणध्वनीवर देयकाची व नियोजित वीजबंदीची सूचना दिली जाते. त्या सूचनेत ना काव्य असते, ना चित्र. तरीही उद्या सकाळी वीज जाणार आहे हे आदल्या दिवशी कळल्याने पिठाची गिरणी चालविणारा माणूस आपले काम रात्रीच उरकून घेऊ शकतो. ग्राहकाला पर्यायी विक्रेता नसतानाही उपयुक्त वार्तेने थोडाबहुत विश्वास निर्माण होतो. सूचनेबरहुकूम वीज परत आली नाही, तर तो तितक्याच वेगाने नाहीसाही होतो.

वसाहतीच्या शेजाऱ्यांचा प्रश्न येथेही उपस्थित होतो. औष्णिक केंद्राची राख, धूर, पाणी व जमीन यांच्याशी परिसरातील गावांचा थेट संबंध येतो. ज्यांच्या अंगणात उत्पादन होते, त्यांच्याशी होणारा संवाद हा ग्राहकसंवादापेक्षा वेगळा, पण अधिक निकडीचा असतो. १९४८ च्या किर्लोस्करवाडीकडे पाहताना हा मुद्दा दृष्टिआड करता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, नियमित वार्तेतून ग्राहकसहभाग निर्माण करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात एका शतकाहून अधिक जुना आहे. माध्यम बदलले, वेग बदलला, खर्च घटला. परंतु विश्वासाच्या अटी बदलल्या नाहीत. वार्ता वाचकाच्या कामाची किंवा आनंदाची असावी लागते. तिच्यामागे टिकणारी वस्तू व सुसंगत आचरण असावे लागते. वाचकाच्या उत्तरास, विशेषतः तक्रारीस, स्थान असावे लागते. ज्यांच्यापर्यंत वार्ता पोहोचत नाही, त्यांचे भान संस्थेला ठेवावे लागते.

‘किर्लोस्कर खबर’ला केवळ यांपैकी पहिल्या दोन अटी पूर्णपणे साधल्या, आणि त्यावर तिचे नाव पिढ्यान् पिढ्या टिकले. उरलेल्या दोन अटींची पूर्तता करण्याचे साधन आज खानदेशातील लहानात लहान उत्पादकाच्या हाती आहे. ग्राहकाचा संदेश त्याला क्षणात मिळतो आणि न वाचता येणाऱ्यालाही ध्वनिमुद्रित सूचना ऐकविता येते. शंकररावांजवळ हे साधन नव्हते. ते केवळ बोलण्यासाठी वापरावयाचे की ऐकण्यासाठीही, यावर या प्रदेशातील नाममुद्रांचे भवितव्य बव्हंशी अवलंबून राहील. वाणिज्य व इतिहास या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील उद्योगसंस्थांच्या जुन्या गृहपत्रिका, पत्रके व दर्शिका एकत्रितपणे अभ्यासल्यास या विषयावर अधिक प्रकाश पडेल. महाविद्यालयीन ग्रंथालयांत व जुन्या वाचनालयांत ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ यांचे जे बांधीव अंक आढळतील, त्यांपासून या कामास आरंभ करता येईल.